एक्स्टेन्शनवरून १०८ लागतो का?

भोसरी एमआयडीसीपासून तळवडे, महाळुंगे, चाकणपर्यंतच्या कारखान्यांत गेली काही वर्षे एक बदल गाजावाजा न होता चालू आहे. भिंतीवरची जुनी इपीएबीएक्सची पेटी उतरते, तांब्याच्या तारांची जुडगी कापली जातात आणि टेलिफोनचे सगळे काम इंटरनेटच्या केबलवर जाते. टेबलावरचा फोन दिसायला तसाच राहतो, फार तर त्याला छोटा पडदा येतो. कोटेशन आयटी विभाग मागवतो, खरेदी विभाग घासाघीस करतो, सही होते. त्या बैठकीत सेफ्टी ऑफिसर नसतो, कारखान्याचा डॉक्टर नसतो, ॲम्ब्युलन्स रूममधली नर्स तर नसतेच. या तिघांना तिथे बसवायला हवे, असे माझे म्हणणे आहे. कोटेशनमध्ये बारीक अक्षरात ‘सिग्नलिंग’ अशी एक ओळ असते. प्रेस मशीनमध्ये कोणाचा हात सापडला तर मदत किती लवकर येईल, याचा काही भाग त्या ओळीत आधीच ठरून गेलेला असतो.

सिग्नलिंग म्हणजे काय, ते आधी पाहू. फोनवर आपण जे बोलतो तो व्यवहाराचा एक भाग. ते बोलणे सुरू होण्याआधी यंत्रे आपापसात बरेच काही बोलून घेतात. कोणाला फोन हवा आहे, तो मोकळा आहे का, घंटी वाजली का, उचलला का, ठेवला कधी, बिल कोणाच्या नावावर. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे हे काम आहे. दोन्ही घरे एकमेकांशी बोलू लागली की तो बाजूला होतो, पण तोवर सगळी भिस्त त्याच्यावर. त्यानेच पत्ता चुकीचा सांगितला तर पुढचे सारेच बिघडते.

जुन्या पीआरआय लाइनमध्ये हा मध्यस्थ ठरलेला होता. एका पीआरआयवर एका वेळी ३० संभाषणे चालत आणि त्यांच्या जोडीला एक वेगळा मार्ग फक्त सिग्नलिंगसाठी राखलेला असे. चाकणच्या एक्स्चेंजमधून निघालेली लाइन चाकणच्याच कारखान्यात पोहोचायची आणि टेलिफोन कंपनीच्या दप्तरात तिचा पत्ता असायचा. ग्राहकाने निवडण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. इंटरनेटवर मात्र केबल ही नुसती वाट असते. तिच्यावरून जाणाऱ्या फोनने कोणत्या बोलीत बोलायचे, ते आपल्याला ठरवावे लागते.

या बोलींपैकी तीन नावे कोटेशनमध्ये दिसतात. एच.३२३ ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९६ मध्ये मान्य केलेली बोली. तिची घडण टेलिफोनवाल्यांच्या पठडीतली, कडक आणि किचकट. जुन्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या यंत्रांत आणि मोठ्या कंपन्यांच्या जुन्या बोर्डांत ती अजून सापडते. दुसरी एसआयपी, म्हणजे तंत्रज्ञांच्या तोंडची ‘सिप’. म्युच्युअल फंडातली एसआयपी वेगळी, तिच्याशी याचा संबंध नाही. कोलंबिया विद्यापीठातले हेनिंग शुल्झरिन आणि त्यांचे सहकारी यांनी ती आकाराला आणली. पहिले मानक १९९९ चे, आज चालते ते २००२ चे. तिचे निरोप साध्या अक्षरांत लिहिलेल्या पत्रासारखे असतात. निमंत्रण, घंटी वाजते आहे, ठीक आहे, निरोप घेतो. थोडे इंग्रजी येणाऱ्या माणसाला ते पडद्यावर वाचताही येतात आणि बिघाड शोधताना याचा फार उपयोग होतो. तिसरी आयएएक्स. साध्या संगणकाचा टेलिफोन बोर्ड करून टाकणारी ‘ॲस्टेरिस्क’ ही मोफत प्रणाली मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतली. अशा दोन बोर्डांना एकमेकांशी जोडण्यासाठी आयएएक्स जन्माला आली.

आयएएक्सवर प्रेम करणारी मंडळी आजही आहेत आणि त्यांचे प्रेम अनाठायी नाही. एसआयपीत निरोप एका वाटेने जातो आणि आवाज दुसऱ्या वाटेने. आवाज कुठे पाठवायचा, तो पत्ता निरोपाच्या आत लिहिलेला असतो. कारखान्याचा राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण पाकिटातल्या पत्रातला पत्ता तसाच राहतो. मग घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि एका बाजूचा आवाज दुसऱ्याला येतच नाही. ‘हॅलो, हॅलो’ करून लोक फोन आपटतात, त्यातल्या पुष्कळ प्रसंगांचे मूळ हे. आयएएक्स निरोप आणि आवाज दोन्ही एकाच दारातून, ४५६९ क्रमांकाच्या पोर्टमधून नेते, त्यामुळे ही भानगड होत नाही. दुसरे म्हणजे ती काटकसरी आहे. दाबून लहान केलेल्या २० बाइट आवाजाला इंटरनेटवर ४० बाइटचे वेष्टन लागते, म्हणजे मालापेक्षा खोका जड. आयएएक्स अनेक संभाषणे एकाच खोक्यात भरते. पिंपरीचे ऑफिस आणि चाकणचा प्लांट यांच्यामध्ये २ एमबीपीएसची भाड्याची लाइन होती, तेव्हा ही काटकसर मोलाची होती. आता फायबर आल्यावर तिचे मोल बरेच उतरले आहे.

तरीही बाहेरच्या जगाशी जोडणी करताना एसआयपीच घ्यावी, असे माझे मत आहे. आयएएक्स बोलणारी मंडळी एकाच कुळातली आहेत. ज्याने ती बसवली तो सर्व्हर रूममधला एकटा मुलगा जास्त पगारावर हिंजवडीला गेला की पुढचा बिघाड दुरुस्त करायला माणूस मिळत नाही. एसआयपी टेलिफोन कंपन्या बोलतात, फोन बनवणारे बोलतात, बिघाड शोधणारे बोलतात. आणखी एक कारण आहे, ज्याकडे कोटेशन वाचणारे क्वचितच पाहतात. फोन करणारा नेमका कुठे आहे, ते निरोपासोबत पाठवण्याची रीत एसआयपीसाठी २०११ मध्ये ठरवून दिलेली आहे. पलीकडच्याने ते वाचले तरच तिचा उपयोग, हे खरे. पण लिहायला रकाना तरी आहे. आपल्याच दोन प्लांटमध्ये आयएएक्स सुरळीत चालू असेल तर ती उपटून टाकायची घाई नको. बाहेर पडणाऱ्या दाराशी मात्र ती नको.

आता पत्त्याकडे येऊ. चाकणच्या लँडलाइनचा कोड ०२१३५, पिंपरी-चिंचवडचा ०२०. नव्या पद्धतीत कंपनी दोन्हीकडचे बोर्ड जोडते आणि पैसे वाचवण्यासाठी बाहेर जाणारे सगळे फोन एकाच जागेतून सोडते. चाकणच्या शॉप फ्लोअरवरून केलेला फोन मग आकुर्डीच्या ऑफिसातून बाहेर पडतो आणि पलीकडच्या माणसाला ०२० ने सुरू होणारा ऑफिसचा नंबर दिसतो. रोजच्या कामात याने काही बिघडत नाही. गिऱ्हाइकाला तर एकच नंबर दिसलेला बरा वाटतो.

पण १०८ ला फोन केला तर? महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिचे नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला आहे, म्हणजे या पट्ट्यापासून फार लांबही नाही. तिथल्या ऑपरेटरपुढे जो नंबर येतो तो आकुर्डीचा. फोन करणारा ओडिशाहून किंवा बिहारमधून तीन महिन्यांपूर्वी आलेला ठेकेदाराचा कामगार. त्याला कंपनीचे नाव माहीत आहे, गेटचा रंग माहीत आहे. आपण खराबवाडीत आहोत की निघोज्यात, हे त्याला सांगता येईलच असे नाही. इथले पत्ते गट नंबरांनी चालतात, एकाच कंपनीचे दोन-तीन प्लांट वेगवेगळ्या फेजमध्ये असतात आणि पाटीवर नाव एकच. तळेगाव चौकातून रुग्णवाहिकेला एकदा चुकीच्या रस्त्याने जाऊ दिले तर परत फिरायला काय लागते, ते या भागात गाडी चालवणाऱ्याला समजावून सांगायला नको.

याहून वाईट शक्यता आहे ती कंपनीचे मुख्यालय परराज्यात असण्याची. बाहेर जाणारे सगळे फोन चेन्नईतून सोडले असतील, तर चाकणहून लावलेला १०८ तामिळनाडूच्या केंद्रात वाजू शकतो. १०८ हा आकडा अनेक राज्यांत एकच आहे, पण त्यामागची केंद्रे वेगवेगळी आहेत. फोन जिथून टेलिफोनच्या जाळ्यात शिरतो, तिथल्या केंद्राकडे तो वळतो. बोर्डाला हे आधी सांगून ठेवता येते. १०८, ११२, १०१ हे आकडे आले तर ते कधीही दूरच्या दारातून पाठवू नकोस, त्या प्लांटच्या स्थानिक लाइनवरूनच सोड. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते कोणी तरी आठवणीने मागावे लागते.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक बारीक खोड आहे. एसआयपीवर नंबर पूर्ण लांबीचा, देशाच्या कोडासह पाठवायची पद्धत आहे. म्हणून बोर्डाला शिकवले जाते की कोणीही आकडा फिरवला की त्याच्यामागे ९१ लाव किंवा ०२० लाव. दहा आकडी मोबाइलला ते बरोबर. पण त्याच नियमाने १०८ लाही ९१ चिकटले, तर असा नंबर जगात कुठेच नसतो आणि फोन कोरडाच तुटतो. बसवणारा माणूस स्वतःच्या मोबाइलला फोन लावून पाहतो, लागला म्हणतो आणि बिल देऊन जातो. १०८ लावून पाहायचे त्याच्या मनातही येत नाही.

आणि ते शून्य. बाहेरची लाइन हवी तर आधी शून्य दाबा, ही आपल्या हाडीमाशी खिळलेली सवय. नव्या पाहुण्याला, नव्या कामगाराला ती माहीत नसते. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या मार्शल गावी १ डिसेंबर २०१३ रोजी एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट या महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून ९११ लावत राहिली. शिकवल्याप्रमाणे तिने चार वेळा नंबर फिरवला. फोन लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता. कारी वाचली नाही. तिच्या वडिलांनी मोहीम चालवली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. अशा बोर्डांवरून ९११ थेट लागला पाहिजे आणि तो लावल्याची सूचना इमारतीतल्या जबाबदार माणसाला आपोआप गेली पाहिजे, असे त्यात आहे. यातला दुसरा भाग मला आपल्याकडे फार उपयोगाचा वाटतो. शॉप फ्लोअरवरून १०८ फिरवला जाताच गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या आणि ॲम्ब्युलन्स रूमच्या फोनवर ‘पेंट शॉप, एक्स्टेन्शन अमुक’ असे उमटले, तर रुग्णवाहिका आल्यावर फाटकापाशी ‘कोणी बोलावली?’ हा प्रश्न निघणार नाही.

आपल्याकडे हे कायद्याने होईल म्हणून थांबणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट टेलिफोनीबद्दल शिफारशी केल्या. त्यांत आणीबाणीच्या नंबरांची सोय द्यायला कंपन्यांना उत्तेजन द्यावे, पण तूर्त सक्ती करू नये आणि या सोयीच्या मर्यादा ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगाव्यात, असे म्हटले होते. तंत्र नवे होते, तेव्हा ही भूमिका समजण्यासारखी होती. पण ग्राहकाला सांगायचे म्हणजे कोणाला? करारावर सही करणाऱ्याला. ज्याच्या हाताला फोन लागणार तो कामगार तो करार कधी पाहत नाही.

आता बटणांची गोष्ट. फोनवर १ दाबले की दोन सूर एकदम वाजतात, ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे. प्रत्येक बटणाची जोडी वेगळी. १९६३ पासून चालत आलेली ही युक्ती इतकी पक्की होती की तिच्याकडे कोणी लक्षच देत नसे. इंटरनेटवर ती डळमळते. जागा वाचवण्यासाठी आवाज ६४ किलोबिटवरून ८ किलोबिटपर्यंत दाबणारी जी.७२९ सारखी पद्धत माणसाच्या बोलण्याचा साचा गृहीत धरते. शुद्ध सुरांची जोडी त्या साच्यात बसत नाही आणि पलीकडे वेडीवाकडी होऊन पोहोचते. म्हणून सूर न पाठवता ‘१ दाबला’ अशी बातमीच आवाजाच्या प्रवाहात वेगळी पाठवायची, अशी रीत २००० मध्ये निघाली आणि २००६ मध्ये सुधारली गेली. तंत्रज्ञ तिला आजही जुन्या मानकाच्या आकड्याने ‘२८३३’ म्हणतात. तिसरी रीत ही बातमी सिग्नलिंगच्या निरोपातून पाठवण्याची. दोन्ही टोकांनी एकच रीत धरली तर ठीक. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी धरली की दाबलेले बटण पोहोचतच नाही, नाही तर दोनदा पोहोचते.

रुग्णालयाचा बोर्ड ‘अपघात विभागासाठी अमुक दाबा’ म्हणतो आणि आपण दाबत राहतो, पलीकडची बाई तेच वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हणते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा नंबर १४४१६. तिथेही आधी भाषा निवडण्यासाठी बटण दाबावे लागते. मनाने खचलेला माणूस मोठ्या मुश्किलीने फोन उचलतो. त्याचे बटण ओळखले गेले नाही तर तो दुसऱ्यांदा प्रयत्न करील, असे धरून चालणे बरोबर नाही.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाने सरकारला हलवले. तिथे सुमारे १८ लाख लोक, बहुतेक म्हातारे किंवा अपंग, घरात टेलिकेअरचे यंत्र बाळगतात. पडलो तर गळ्यातले बटण दाबायचे, यंत्र फोन लावते. यातली बरीच जुनी यंत्रे तारेवरून सूर पाठवून केंद्राशी बोलतात. तांब्याची लाइन काढून इंटरनेटची दिली, तेव्हा काही यंत्रांचे फोन लागेनासे झाल्याच्या गंभीर घटना पुढे आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी सक्तीचे स्थलांतर थांबवायचे मान्य केले आणि जुनी लाइन बंद करण्याची मुदत २०२५ च्या अखेरीवरून जानेवारी २०२७ पर्यंत गेली. आपल्याकडे गळ्यातली बटणे कमी आहेत. पण कारखान्यातले फायर पॅनल आणि लिफ्टमधला फोन याच जातीचे असतात. बोर्ड बदलताना ते कोणत्या लाइनवर लटकले आहेत, हे पाहिले जातेच असे नाही.

विजेबद्दल फार लिहित नाही. तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, घरची वीज गेली तरी जिवंत राहायचा. इंटरनेटचा फोन स्विचवर, स्विच यूपीएसवर आणि यूपीएस पाच वर्षांपूर्वीच्या बॅटरीवर. आग लागली की सगळ्यांत आधी मेन स्विच पाडला जातो. मदतीचा फोन नेमका त्यानंतर करायचा असतो.

‘आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, या फोनचे काय कौतुक?’ असा आक्षेप येईल. ऑफिसातल्या माणसाचा तो आक्षेप आहे. अनेक प्लांटमध्ये कामगाराचा मोबाइल गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवून घेतात. कुठे फोटोच्या भीतीने, कुठे यंत्रावर लक्ष राहावे म्हणून, कुठे ज्वलनशील वायूमुळे. पत्र्याच्या अवाढव्य शेडमध्ये मोबाइलची रेंज कशी असते, तेही सर्वांना माहीत आहे. ज्यांनी कामगाराच्या हातातला फोन काढून घेतला, त्यांच्यावर भिंतीवरचा फोन चालू ठेवण्याची जबाबदारी जास्तच येते. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा करणे भाग पडले. त्या आराखड्यात टेलिफोन नंबरांचे एक पान हमखास असते, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले. ते नंबर या फोनवरून लागतात का, हे त्या पानावर लिहिलेले नसते.

म्हणून कोटेशनवर सही होण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. बाहेरची जोडणी एसआयपीची, बटणांची रीत ‘२८३३’ आणि दोन्ही टोकांना तीच. आणीबाणीचे आकडे शून्य न लावता आणि शून्य लावूनही लागतील, कारण घाबरलेला माणूस दोन्ही करतो. ते त्याच प्लांटच्या स्थानिक लाइनवरून जातील. स्थानिक लाइन म्हणजे शेवटी एखादे सिमकार्डाचे यंत्र असले तरी चालेल, फक्त ते त्याच आवारात हवे आणि त्याची बॅटरी वेगळी हवी. प्रत्येक एक्स्टेन्शनवर जागेचे नाव नोंदलेले असावे आणि मशीन हलवली की नोंदही हलावी. चाकणच्या नंबराचा पत्ता टेलिफोन कंपनीच्या दप्तरात चाकणचाच असावा, मुख्यालयाचा नव्हे.

आणि चाचणी. या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तो दिवस बरा. १०८ आणि ११२ ही खेळायची ठिकाणे नाहीत, म्हणून आधी केंद्राला कळवून वेळ ठरवून घ्यावी, फोन लागताच ‘ही चाचणी आहे’ हे पहिले वाक्य म्हणावे, तुम्हाला कोणता नंबर दिसतो एवढे विचारावे आणि ठेवून द्यावे. एकदा वीज असताना, एकदा मेन स्विच पाडून. फोन लावणारा आयटीचा नको. पेंट शॉपमधल्या ठेकेदाराच्या कामगाराला बोलवावे, त्याला काही न सांगता भिंतीवरच्या फोनपाशी उभे करावे आणि तो आधी कोणते बटण दाबतो ते पाहावे.